हवा काढताना

बहोडापूर, ट्रान्सपोर्ट नगर, जानेवारी.
धुक्यात किल्ला दिसत नाही,
नुसतं त्याचं वजन जाणवतं पूर्वेला.

गाडी तीन वर्षं उभी.
पुढच्या चाकाखाली तोच दगड, दादाने लावलेला.
म्हणाला होता, मोतीबिंदू काढला की नेतो.
मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता.
काचबिंदू काढत नाहीत.

परवा भिंडचा कुशवाह येणार:
सुरू झाली तर गाडीचा भाव,
नाहीतर लोखंडाचा.

नफीस मिस्त्रीने आधी बॅटरी पाहिली.
टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी,
सोड्याचं गरम पाणी ओतलं तशी फसफसली.
बॅटरी गेलेलीच. शेजारच्या गाडीची आणून जोडली.
सेल्फ फिरला जडपणे,
म्हाताऱ्याने सकाळी खाकरावं तसा.
इंजिन फिरतंय, पकडत नाही.

टाकीतल्या डिझेलला डिझेलचा वास उरलेला नाही,
जुन्या व्हार्निशचा येतो. तळाशी काळा साका.
डब्यात काढून ठेवलं, भट्टीवाला नेईल.
दोन्ही फिल्टर नवे.
एअर क्लीनरमध्ये उंदरांचं घरटं,
फेऱ्यांच्या वहीचं.
एका चिंधीवर माझंच अक्षर:
घाटीगाव, गिट्टी, दोन फे

मग हवा काढणं.
नळीत कुठेतरी एक बुडबुडा
आणि त्याच्या मागे सगळं अडलेलं.
पप्पन हातपंप मारतो, मिस्त्री स्क्रू ढिला करतो,
फेस, फेस, पुन्हा फेस,
मग सलग धार. कस!
सेल्फ.
नाही.

नोझलचं नट उघडलं, कोरडं.
दुसरं कोरडं.
सहाही.
"पंप गया साहब, आगरा भेजना पड़ेगा."
आकडा ऐकला मी,
दादाकडे पाहिलं नाही.

दादा खाटेवर,
ऊन येईल असं त्याला वाटलं होतं तिथे.
मफलर, हातात कप, कपात गार चहा.
दोन दिवसांत एक शब्द नाही.
आम्ही समजलो, वाईट वाटत असेल.

दुसऱ्या दुपारी पप्पन रॉकेलने पंप धूत बसला.
लिव्हरवर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं.
ते फोडलं, तर लिव्हर मागे ओढलेली.
तार धरून तो मागे मागे गेला.
डॅशबोर्डावरचं स्टॉपचं बटण नुसतं शोभेचं,
खरी तार सीटखाली,
एका खिळ्याला दोन वेढे देऊन बांधलेली.
ती गाठ मी ओळखतो.
ताडपत्रीवर आयुष्यभर पाहिली आहे.

म्हणजे तिला थांब म्हटलं होतं.
ती थांबली होती.

"तुला माहीत होतं?"
"मला कुणी विचारलं?"
उरलेला चहा त्याने जमिनीवर ओतला.

गाठ सुटेना. गंजाने वेढे एक झाले होते.
मिस्त्रीने पक्कड मागितली तसा दादा उठला.
"कापू नका."
मी दंड धरला, तो त्याने झटकला.
टायर, मडगार्ड, पायरी,
हातांनी मोजत वर चढला,
सीटखाली वाकला.
काय केलं ते कुणाला दिसलं नाही.
त्यालाही नाही.

सेल्फ.
पांढरा धूर, काळा, परत पांढरा,
आणि एका पायाने लंगडत लंगडत
सगळी गाडी दगडाला रेटून थरथरू लागली.
पप्पनने टाळ्या वाजवल्या.
मिस्त्रीने विडी शिलगावली.

स्टिअरिंगवर हात ठेवून
दादा मान कलती करून ऐकत राहिला.
"चार नंबरचा नोझल टपकतोय,
कुशवाहला सांगा. फसवू नका."

बऱ्याच वेळाने, इंजिन जरा गरम झाल्यावर,
"तार पण दाखवा त्याला."